सोनेरी झाकणाचा डबा

धाकटीचे केस पिकले तरी ती धाकटीच राहिली. तिच्याहून मोठा असा एक दादाच काय तो उरला होता, आणि तो ‘धाकटे’ अशी हाक मारायचा, म्हणून मग सगळा जिना आणि सगळी गल्ली तिला धाकटीच म्हणायची. वहिनी तेवढी ‘वन्सं’ म्हणायची. त्यातही दोन प्रकार. मूड बरा असला की ‘वन्सं, चहा टाकू का?’ आणि काही बिनसलं असलं की नुसतंच ‘वन्सं’, पुढे एक अक्षर नाही. धाकटीनं लग्न केलं नव्हतं. दोन गल्ल्या सोडून तिची एक खोली होती, पण ती झोपण्यापुरती. घर म्हणजे दादाचंच घर.

आणि त्या घरात दादा दिवसेंदिवस वाळत चालला होता.

त्याच्या पोटात गाठ निघाली होती. काढता येण्यासारखी होती, तेवढं नशीब. पण सर्जनबाईंनी त्याला वजनकाट्यावर उभं केलं आणि मान हलवली. म्हणाल्या, "गाठ मी काढीन हो, पण हा माणूस टेबलावर टिकायला नको का? पन्नास किलोच्या वर आणा, मी लगेच तारीख देते. जसजसा उशीर होईल तसतसं अवघड." खरी अडचण तिथंच होती. चार घास पोटात गेले की त्याचं पोट तटतटायचं. म्हणून बाईंनी प्रोटीनची पावडर सांगितली, दुधात ढवळून दिवसातून तीनदा. वहिनीनं विचारलं, कुठली? बाई म्हणाल्या, कुठलीही चांगली घ्या. आता ‘कुठलीही’ हा शब्द नवरा आजारी असलेल्या बाईच्या कानात शिरतो होय! औषधाच्या दुकानात जाऊन वहिनीनं विचारलं, सगळ्यात चांगली कुठली, आणि दुकानदारानं हात उंच करून वरच्या फळीवरचा सोनेरी झाकणाचा डबा तिच्या पुढ्यात ठेवला.

तो डबा घरात आला तेव्हा धाकटीला हसूच फुटलं. कारण तो डबा तीच भरायची.

म्हणजे एकटी नव्हे. गावाबाहेरच्या एका पॅकिंगच्या कारखान्यात ती कामाला होती. कारखान्याचं स्वतःचं असं काहीच नव्हतं. दुसऱ्यांच्या नावाचा माल भरून द्यायचा, एवढाच धंदा. वरच्या मजल्यावर मोठा मिक्सर, तिथून पावडर खाली पडायची, खाली पट्ट्यावर डबे सरकायचे, धाकटी आणि तिच्या जोडीच्या बायका वजन बघायच्या, आत प्लॅस्टिकचा चमचा टाकायच्या, सील लावायच्या. सकाळभर सोनेरी झाकणाचे डबे. जेवणाची सुट्टी झाली की पट्टा पुसायचा, लेबलांची गुंडाळी बदलायची, आणि तीच पावडर साध्या निळ्या पिशव्यांत भरायची. त्या पिशव्या एका किराणा दुकानांच्या साखळीत जायच्या, तिथल्या खालच्या फळीवर. किंमत डब्याच्या निम्म्याहूनही कमी. मिक्सर तोच, पावडर तीच, चॉकलेटचा वासही तोच. बायका आपसात हसायच्या, की जेवून येईपर्यंत हिची श्रीमंती उतरली बघ.

तरी धाकटी बरेच दिवस गप्प बसली, आणि हे तिच्या स्वभावाला धरून नव्हतं. आपल्याला एखादी गोष्ट नक्की माहीत आहे आणि समोरचा चुकतोय, हे दिसलं की ते सांगितल्याशिवाय तिला अन्न गोड लागायचं नाही. पण वहिनीच्या भानगडीत पडायचं म्हणजे हात पोळून घ्यायचे, हेही तिला ठाऊक होतं. शिवाय दादाचं वजन थोडं थोडं का होईना, वर सरकत होतं. मग एके दिवशी ती सकाळी अवचित दादाकडे गेली, तर वहिनी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या शिळ्या पावाचा तुकडा कोऱ्या चहात बुडवून खात होती. धाकटीला बघून तिनं कप मागे सरकवला.

"वहिनी, हे काय? दूध कुठं गेलं?"

"ह्यांना लागतं ना पावडरीत."

"आणि तुझं जेवण?"

"माझं काय मेलं, मी कुठं आजारी आहे!"

वहिनी पूर्वी घरात पाळणाघर चालवायची. दादा आजारी पडल्यावर लोकांनी एकेक करून पोरं आणून सोडणं बंद केलं. आजारी माणसाच्या घरात कोण पोर ठेवणार, लोकांचंही काही चुकलं नाही. पण मिळकत थांबली, आणि डबे चालूच.  धाकटीनं तिथंच स्टुलावर बसून वहिनीला सगळं सांगितलं, मिक्सर, पट्टा, सोनेरी झाकण, निळी पिशवी.

वहिनी ऐकता ऐकता चहाचा कप विसळत राहिली. शेवटी म्हणाली, "एवढे लोक काय वेडे म्हणून महाग घेतात?"

"अगं, झाकणाचे पैसे घेतात ते! मी माझ्या ह्या हातांनी भरते ना दोन्ही. छातीठोक सांगते, तसूभर फरक नाही."

"बघा हं वन्सं. जिवाचा प्रश्न आहे."

"माझा तो भाऊ नाही का गं?" धाकटी म्हणाली, आणि तिला जरा रागही आला.

दुसऱ्या दिवशी ती निळी पिशवी घेऊन आली. लपवायचं काय त्यात? पावडर जुन्या सोनेरी डब्यात भरून ठेवू या, हे वहिनीनं सुचवलंच होतं, पण धाकटीला चोरून काही करायचा तिटकारा. ती सरळ दादाच्या खाटेशी गेली आणि पिशवी त्याच्या उशाशी ठेवली.

"घे, दादा. आजपासून तुझा साहेबी थाट बंद. त्या डब्यात आणि हिच्यात काडीचा फरक नाही, आमच्याच कारखान्यातली आहे. नुसतं नाव नाही एवढंच. आपल्याला काय, काम भागल्याशी मतलब!"

दादानं पिशवी हातात घेतली, उलटी करून बघितली आणि खाली ठेवली. "बरं," म्हणाला. मग भिंतीकडे तोंड करून पडला. धाकटीला वाटलं, झोप आली असेल. उलट खाली उतरताना तिला बरं वाटत होतं. वहिनीच्या कपात आता दूध पडेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

पुढच्या तपासणीला वजन उतरलं होतं.

सर्जनबाईंनी काटा पुन्हा शून्यावर आणून त्याला पुन्हा उभं केलं. तेच. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी खाली. "देताय ना वेळच्या वेळी?" बाईंनी वहिनीकडे बघत विचारलं, आणि वहिनीनं धाकटीकडे बघितलं. दवाखान्यातून तिघं घरी आली. वहिनीनं दादाला आत निजवलं, दार ओढून घेतलं, आणि मग म्हणाली,

"वन्सं."

धाकटीनं हातातली रिपोर्टांची फाईल खाली ठेवली.

"डबा होता तोवर चढत होतं. तुमची पिशवी आली आणि उतरायला लागलं. आता मी अडाणी बाई, मला मिक्सर-बिक्सर कळत नाही. पण काटा दिसतो मला."

"वहिनी, अगं तीच पावडर..."

"मग घोडं कुठं पेंड खातंय ते तुम्हीच सांगा."

धाकटी त्या दिवशी कामावर गेली ती थेट वरच्या मजल्यावर. मिक्सरवाला तिच्याच वयाचा, कानात कापसाचे बोळे घालून उभा असायचा. तिनं त्याला बाजूला घेऊन खोदून खोदून विचारलं. डब्यांच्या वेळी वरून काही वेगळं टाकतोस का? पुडी, सत्त्व, काही? तो हसला. "काय ताई, इतकी वर्षं झाली आणि आज शंका? एकदा मिक्सर भरला की संध्याकाळपर्यंत मी झाकण उघडत नाही." ती खाली आली. पण मन काही खाली येईना. पट्ट्यावरचा प्रत्येक डबा ती वास घेऊन बघू लागली. आपल्याला नक्की माहीत असलेली गोष्ट खोटी निघाली तर? दादा आपल्या शहाणपणापायी गेला तर? तिच्या जिवाला घोर लागला. जेवायच्या सुट्टीत जोडीच्या बायका चेष्टा करायच्या तेव्हा तिला हसू येईना.

अशातच बेसिन तुंबलं.

दादाच्या खोलीच्या कोपऱ्यात एक हात धुवायचं छोटं बेसिन होतं. पूर्वी घरात काही तुंबलं, गळलं, कुरकुरलं की दादा स्वतःच पाना घेऊन बसायचा. तो लिफ्टचा मिस्त्री, त्याला दुसऱ्याचं काम पसंत पडायचं नाही. आता ते धाकटीनं करायचं. वहिनी रिपोर्ट आणायला गेली होती. धाकटीनं खाली बादली लावली, वाकून नळीचं वाटीसारखं झाकण फिरवून काढलं, आणि बादलीत भसकन् तपकिरी लगदा पडला.

तो लगदा तिला ओळखायला वेळ लागला नाही. कारखान्यात फरशी धुतली की मोरीच्या जाळीत हाच लगदा अडकायचा, असाच चिकट, आणि हाच आंबूस चॉकलेटचा वास. कितीतरी वेळा तिनं तो हातानं काढला होता.

ती तशीच जमिनीवर बसली. खाटेवर दादा जागा होता, तिच्याकडेच बघत होता.

"दादा, हे काय रे?"

त्यानं नजर छताकडे वळवली.

"वहिनी पोटाला चिमटा घेऊन दूध आणते, आणि तू बेसिनमध्ये ओततोस? डॉक्टरीण तिकडे तारीख देईना, मला रात्रंदिवस झोप नाही, आणि तू... अरे बोल की! मूग गिळलेस का?"

"ओरडू नको, धाकटे," दादा म्हणाला. आवाज अगदी खोल गेला होता. "मला राग नाही तुमचा. तुम्ही दोघींनी बरोबरच केलंत."

"काय केलं आम्ही?"

"लिफ्टचं एक असतं," तो म्हणाला. बोलताना त्याला धाप लागत होती, म्हणून तो थांबत थांबत बोलला. "इमारत पाडायची ठरली ना, की मालक कुणाला सांगत नाही. भाडेकरूंना तर शेवटी कळतं. पण आम्हाला आधी कळतं. कसं? तर तो अस्सल भाग मागवायचं बंद करतो. दोरखंड खराब झाला की म्हणतो, मिस्त्री, आता कंपनीचा नको, बाजारात मिळेल तो टाका. आणि तो विकणारा हमखास सांगतो, साहेब, त्याच कारखान्यातला आहे, नुसतं नाव नाही. मालक म्हणतो, चालेल तोवर चालू दे, काम भागल्याशी मतलब. माझा जन्म गेला हे ऐकण्यात. कुठल्या लिफ्टला किती दिवस ठेवलेत, ते मला तेवढ्यावरून कळायचं."

धाकटीनं बादली बाजूला सारली.

"तू पिशवी ठेवलीस ना उशाशी," दादा म्हणाला, "तेव्हाच मी समजलो. ऑपरेशन होणार नाही हे बाईंनी तुम्हाला सांगितलं असणार. मग उगाच कशाला घशाखाली ढकलायचं? ती पावडर प्यायली की मळमळतं गं मला. आशा होती तोवर गिळत होतो."

"अरे वेड्या! असं कुणी काही सांगितलेलं नाही! तुझी शपथ, ती खरंच तीच पावडर आहे, मी स्वतः..."

"हो, हो," दादा म्हणाला, आणि हसला. अशा हसण्यानं माणूस लहान पोराला गप्प करतो. "तुझं मन मोठं आहे. वहिनीला बेसिनचं सांगू नकोस. तिला लागेल."

धाकटीनं नळी बसवली, बादली धुतली, हात धुतले. काय करावं तिला सुचेना. स्वतःचाच संताप येत होता. खरं बोलले, चांगल्यासाठी बोलले, आणि हे होऊन बसलं! तिला रडूही आलं, ते तिनं नळ मोठा सोडून आटपून घेतलं.

संध्याकाळी पगारातली उचल घेऊन ती औषधाच्या दुकानात गेली आणि सोनेरी झाकणाचा डबा घेऊन आली. जिना चढताना तिच्या डोक्यात एवढंच होतं की डबा दिसला की दादा पिईल. आत वहिनी दादाच्या पायांना तेल लावत बसली होती. धाकटीनं डबा खाटेवर ठेवला.

दादानं डब्याकडे बघितलं. मग तिच्याकडे. "हे कशाला? एकच आहे म्हणालीस ना? मग माझ्या समाधानासाठी आणलास होय." आणि पुन्हा तेच हसू.

आता धाकटीला कळलं, की नुसत्या डब्यानं भागणार नाही. दोन्ही एकच आहेत असं ती म्हणत राहिली, तर हा डबा म्हणजे मरणाऱ्या माणसाचे लाड. तिनं वहिनीला आधी बाजूला घ्यायला हवं होतं, कानात सांगायला हवं होतं. पण वहिनीच्या पोटात आजवर कधी काही राहिलं होतं का? तिच्या चेहऱ्यावर सगळं छापल्यासारखं उमटायचं, आणि दादा तो चेहरा तर आयुष्यभर वाचत आला होता.

"एकच नाही," धाकटी म्हणाली. "मी चुकले, दादा. आज मिक्सरवाल्याला विचारलं. डब्यांच्या वेळी वरून एक वेगळं सत्त्व टाकतात. पिशवीत ते नसतं. मला माहीतच नव्हतं."

वहिनीचा तेलाचा हात थांबला.

"काय म्हणालात?"

"चूक झाली माझी."

"चूक?" वहिनी उठून उभी राहिली. "छातीठोक सांगत होतात ना? ह्या हातांनी भरते म्हणालात! आणि तुमच्या भरवशावर मी माझ्या माणसाला इतके दिवस नुसता भुसा पाजला?"

"वहिनी..."

"मला काही सांगू नका. तेव्हा एक म्हणालात, आता दुसरं म्हणताय. ह्यातलं खरं कुठलं? ह्यांच्या गळ्याची शपथ घ्या आणि सांगा, आत्ताच्या आत्ता!"

धाकटी शपथ मानायची. लहानपणापासून मानायची, इतकी की खोटी शपथ घ्यायला लागू नये म्हणून तिनं मार खाल्ला होता. आणि इथं तर दादाच्या गळ्याची, तोही ऑपरेशनच्या तोंडावर असलेला. तिनं दादाकडे बघितलं. दादा उशीवरून मान उचलून बायकोकडे बघत होता. लाल झालेला तिचा चेहरा, तेलकट हात, हे सगळं तो बघत होता. नवऱ्याची आशा सोडलेली बाई अशी चिडत नाही. पिशवी घरात आली त्या दिवसापासून त्याच्या डोळ्यांत अशी धुगधुगी धाकटीनं पाहिली नव्हती.

तिनं पुढे होऊन त्याच्या गळ्याला हात लावला. हाताला नुसती हाडंच लागली.

"दादाच्या गळ्याची शपथ," ती म्हणाली, "डब्यातली पावडर वेगळी असते."

वहिनीनं एक हुंदका दिला आणि मग तिचं तोंड जे सुटलं ते सुटलंच. वर्षानुवर्षांचं सगळं निघालं. नणंद म्हणून केलेली लुडबुड, दर गोष्टीत मिरवलेलं शहाणपण, स्वतःचा संसार नाही म्हणून दुसऱ्याच्या संसारात घातलेलं नाक. माझ्या माणसाचं काही बरंवाईट झालं तर तुम्हाला जन्मात क्षमा करणार नाही, म्हणाली. धाकटी खाली मान घालून उभी राहिली. दादानं बेसिनचं सांगितलं असतं तर निदान अर्धा दोष तरी उतरला असता. त्यानं सांगितलं नाही. तिला ते लागलं, नाही असं नाही.

"अगं, जाऊ दे गं," शेवटी दादा म्हणाला. "चुकली ती. तू आण इकडे तो डबा. दूध आहे ना घरात?"

वहिनी बोलता बोलता थांबली. पदरानं डोळे पुसत तिनं सील फाडलं, दूध आणलं, पावडर घालून ढवळलं, आणि त्याच्या पाठीमागे बसून त्याला आपल्या अंगावर रेलून घेतलं. तो प्यायला लागला. मध्येच तोंड वाकडं करायचा, थांबायचा, पुन्हा प्यायचा. पेला रिकामा झाल्यावर त्यानं तळाचा गाळ चमच्यानं खरवडून घेतला. धाकटीला वाटलं, तिथंच बसावं आणि पोटभर रडावं.

पण वहिनी दाराशी आली होती. चपला तिनंच पुढे सरकवल्या.

"वन्सं, आता ऑपरेशन होईपर्यंत ह्या घरात तुमचं पाऊल नको. मी माझ्या पद्धतीनं बघीन."

"बरं," धाकटी म्हणाली. मग उंबऱ्यापलीकडे गेल्यावर तिला राहवलं नाही. "त्या दिवशी तरी दवाखान्यात येऊ ना गं? लांब बसेन, बाहेर."

"तारीख तर मिळू दे आधी," वहिनी म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

धाकटी जिन्यात उभी राहिली. आतून दादाचा आवाज येत होता. उद्या सकाळी आणखी एक चमचा जास्त घाल, असं तो वहिनीला सांगत होता. तिनं डोळे मिटले आणि ज्याला कुणाला अशा वेळी सांगतात त्याला सांगितलं, शपथ खोटी होती, पण ती मी घेतली, त्यानं नाही. जे काय व्हायचं ते मला होऊ दे.